माळ्यावरची दगडांची पिशवी आणि राजपिपळ्याचे डोंगर

दांडियाबाजारकरीण

नमस्कार मंडळी. बडोद्याचं आमचं जुनं घर रिकामं करतोय. माळ्यावर पितळी बंब, तीन मोडक्या छत्र्या आणि एक जाडी खादीची पिशवी निघाली. पिशवीत चारेक किलो दगड! बटाट्याएवढे, वरून खरबरीत, मळकट. एक फुटलेला आहे, तो आतून मेणासारखा, शिळ्या मधाच्या रंगाचा. पिशवीवर आजोबांच्या अक्षरात शाईने लिहिलंय: "रतनपोर. डोंगर. 1951".

आजोबा शाळामास्तर होते. सहली काढायचे एवढं ठाऊक आहे, पण रतनपोर कधी ऐकलं नव्हतं. शोधल्यावर कळलं की राजपिपळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी, झगडिया तालुक्यात आहे. सरदार पटेलांचा पुतळा बघायला आम्ही त्या बाजूला चार वेळा गेलो असू. नर्मदा पाहिली, धरण पाहिलं, फुलांची दरी पाहिली. त्या डोंगरात खाणी आहेत हे कोणी बोललं नाही.

भाऊ म्हणतो, कुंडीत घाल नाहीतर टाकून दे. टाकण्याआधी विचारते: हे काय आहे? आणि या डोंगरांची काय कथा आहे?

शेवउसळ

चार किलो? ताई, आपण चुलत भावंडं आहोत हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?

खडकखुळा

टाकू नका!! तो अकीक (इंग्रजीत ॲगेट) आहे, कच्चा. भूशास्त्र शिकायला होतो तेव्हा आमची पहिली सहल तिथेच गेली होती, म्हणून जरा लांबण लावतो.

राजपिपळ्याचे डोंगर म्हणजे सातपुड्याची पश्चिमेकडची शेपटी. उत्तरेला नर्मदा, दक्षिणेला तापी, मध्ये ही रांग. खडक आपला सह्याद्रीवालाच, काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकतात आणि खडकात पोकळ्या राहतात. त्यांतून सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) विरघळलेलं पाणी झिरपतं आणि पोकळीच्या भिंतीवर थरावर थर बसवत जातं. पोकळी भरली की अकीक तयार. कापल्यावर दिसणारे पट्टे म्हणजे तेच थर.

आता गंमत. रतनपोरच्या खाणी बेसाल्टमध्ये नाहीत. बेसाल्ट कुजतो, त्याची माती होते, पण अकीक म्हणजे क्वार्ट्‌झच (गारगोटी), काठिण्य दहापैकी 7, तो कुजत नाही. माती धुपून गेली, दगड ओढ्यानाल्यांतून घरंगळत पायथ्याशी आले आणि वाळू-गोट्यांच्या थरात पुरले गेले. हा थर मायोसीन काळातला, म्हणजे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यानचा. भूशास्त्रात त्याचं नाव 'बाबागुरू फॉर्मेशन'. रतनपोरच्या टेकडीवरच्या पिराच्या नावावरून पडलेलं! दर्ग्याच्या नावाचा खडक फार कमी ठिकाणी सापडेल.

तुमचे दगड बटाट्यासारखे गोल का, याचं उत्तर हेच. ते एकदा लाव्ह्यात घडले आणि नंतर पाण्याने घासले गेले.

मांजलपूरचा_बंड्या

अकीक म्हणजेच गोमेद ना? राहूचा खडा. चार किलो राहू घरात ठेवलाय म्हणून घर विकायची वेळ आली असेल. 😀

खडकखुळा

नाही हो बंडोपंत. गोमेद म्हणून अंगठीत जो बसवतात तो गार्नेटच्या कुळातला, त्यात कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम. अकीक निव्वळ सिलिका. अकीक हा शब्द अरबी, आणि जिथे हे दगड घडवतात त्या खंभात बंदराचा माल शतकानुशतकं अरबस्तानाकडे जात होता त्यामुळे तो इथे रुळला. राहू निर्दोष आहे.

अंकलेश्वरचा_अपडाउनवाला

बावीस वर्षं त्या भागात नोकरी केली. त्या टेकडीला सगळे बावा गोर म्हणतात. सिद्दी समाजाचं (मूळ आफ्रिकेतून आलेले लोक) मोठं श्रद्धास्थान आहे. बावा गोर हबश्यांच्या मुलखातून आलेले, अकिकाचा धंदा त्यांनी वाढवला अशी तिथली श्रद्धा. डोंगरावर एक राक्षसीण होती, ती बाईमाणूस म्हणून बावा गोरांना तिच्यावर हात उचलता येईना, मग त्यांची बहीण माई मिस्रा आली आणि तिने बंदोबस्त केला, अशी गोष्ट मला तिथल्या एका चहावाल्याने सांगितली होती. सिद्दींच्या धमाल नाचात नारळाच्या करवंटीचा खुळखुळा वाजवतात, त्यालाही माई मिस्राच म्हणतात. पांढऱ्या-करड्या पट्ट्यांच्या एका जातीच्या अकिकाला बाजारात बाबाघोरी म्हणतात ते याच पिराच्या नावाने.

जवळच राजपारडीला लिग्नाइटची (तपकिरी कोळशाची) मोठी उघडी खाण आहे. सिलिका वाळूचे ट्रक रस्ताभर. तेव्हा "या डोंगरात खाणी आहेत हे कोणी बोललं नाही" हे जरा गमतीचं वाटलं. झगडियाच्या रस्त्यावर एकदा मोटारसायकल घालून बघा, शर्टच सांगेल.

नॅरोगेजप्रेमी

विषय निघालाच आहे तर, अंकलेश्वरहून नांदोदला (राजपिपळ्याचं जुनं नाव) संस्थानची अडीच फुटी रेल्वे जायची. झगडिया तिच्यावरचंच स्टेशन. आजोबा त्यानेच गेले असणार, मी पैज लावतो! बडोद्याहून मोठ्या गाडीने अंकलेश्वर आणि तिथून छोटी गाडी.

आणि छोट्या गाड्यांचं म्हणाल तर मान आपलाच. गायकवाडांनी 1862 साली डभोई ते मियागाम रूळ टाकले, आणि त्यावर डबे ओढायला बैल! इंजिनं नंतर आली. तिकडे पावागडाच्या पलीकडे शिवराजपूरच्या मॅंगनीजसाठी पानी माइन्सपर्यंत वेगळी छोटी लाईन होती, ती तर

शेवउसळ

बैल दमला वाटतं, वाक्य अर्धंच राहिलं.

नॅरोगेजप्रेमी

फोनची बॅटरी गेली होती. तर ती शिवराजपूरची लाईन. डबे भरून मॅंगनीज बाहेर यायचं, पोलादासाठी परदेशी जायचं. आता तिथे खड्डे आहेत आणि खड्ड्यांत पाणी.

तळोद्याचा_पावरा

राजपिपळ्याचे डोंगर, राजपिपळ्याचे डोंगर! आमच्याकडे, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात, सरळ सातपुडा म्हणतात. अस्तंबा, तोरणमाळ, अक्कलकुवा आणि पुढे सागबारा, डेडियापाडा. मधली रेघ सरकारने मारली, डोंगराला काय ठाऊक? नातीगोती दोन्हीकडे, बाजार दोन्हीकडे, बोली तीच. शहरातले लोक ज्यांना "दुर्गम" म्हणतात त्या डोंगरात आमची मामाची गावं आहेत.

खडकखुळा

मान्य, शंभर टक्के. भूगोलात त्याला "राजपिपळा टेकड्या" म्हणतात ते सोयीसाठी. पूर्वेला धूपगड 1350 मीटर उंच, पचमढीजवळ. तिथून पश्चिमेकडे येता येता रांग खचत, उतरत भडोचच्या मैदानात बुडते. दोन्ही बाजूंच्या नद्या भ्रंशाच्या (जमीन तुटून खचलेल्या) खोलगट पट्ट्यांतून वाहतात म्हणून त्या पश्चिमेला जातात, आणि मधला हा कणा उचललेला राहिला. करजण नदी याच डोंगरातून निघून नर्मदेला मिळते.

दुर्गम हा शब्द कोणासाठी, हा प्रश्न मात्र बरोबर आहे. बडोद्याच्या माणसाला दुर्गम. तिथे राहणाऱ्याला बडोदं दुर्गम.

सोनगडी

शाळेत ऐकलं होतं की सयाजीरावांनी रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला राज्याचे खडक तपासायला नेमलं होतं, 1898 साली त्याचा बडोदा राज्याच्या भूरचनेवरचा ग्रंथही निघाला. मद्रासजवळ पल्लावरमला 1863 मध्ये अश्मयुगीन हत्यार शोधणारा तोच फूट. म्हणजे रतनपोरच्या खाणीसुद्धा त्यानेच शोधल्या असतील. आपल्या संस्थानाने काय काय करून ठेवलंय!

इतिहासाचा_तास

सोनगडी, फूटचं सगळं बरोबर, शेवटचं चूक. एक तर रतनपोर गायकवाडी मुलुखात नव्हतं, राजपिपळा संस्थानात होतं. ते गोहिलांचं राज्य, बडोद्याला खंडणी द्यायचं, पण राज्य वेगळं. (तिथल्याच महाराजा विजयसिंहजींच्या घोड्याने 1934 मध्ये इंग्लंडची डर्बी जिंकली होती. घोड्याचं नाव विंडसर लॅड. हे अवांतर.) गायकवाडांचा भाग तुमच्या सोनगड-व्याऱ्याकडे, रांगेच्या दक्षिण अंगाला.

दुसरं, त्या खाणी "शोधायला" फूट फार उशिरा आला, चार-साडेचार हजार वर्षं उशिरा. लोथलला हडप्पाकालीन मणी करण्याचा कारखाना सापडला, भट्टीसकट. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) उर शहराच्या राजघराण्यातल्या कबरींत लांबोडके तांबडे मणी मिळाले, ते सिंधू संस्कृतीच्या कारागिरांच्या हातचे. गुजरातचा अकीक हा त्यांचा एक मोठा स्रोत मानतात. असा मणी आरपार भोकायचा म्हणजे काय काम आहे! जुन्या पद्धतीच्या दगडी गिरमिटाने प्रयोग करून पाहिले तेव्हा भोक तासाला सुमारे अडीच मिलिमीटर पुढे सरकलं. सहा सेंटिमीटरच्या एका मण्याला चोवीस तास, म्हणजे आठ-आठ तासांचे तीन दिवस, फक्त भोकाला.

मग पेरिप्लस, पहिल्या शतकातलं समुद्री व्यापाराचं ग्रीक पुस्तक. त्यात भडोच बंदरातून जाणाऱ्या मालात हे दगड आहेत. आणि मराठी वाचकांनो, त्यात आपलं पैठणही आहे! भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पट्ट्यांचे दगड गाड्यांत घालून भडोचला येत. म्हणजे मराठवाड्याचे दगडही याच बंदराने समुद्र ओलांडायचे.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला वार्थेमा नावाचा इटालियन प्रवासी लिहितो की खंभातपासून सहा दिवसांच्या वाटेवर तांबड्या अकिकाचा डोंगर आहे. पोर्तुगीज बार्बोसा लिमोद्रा गावाचं नाव घेतो, ते रतनपोरच्या शेजारीच.

शेवउसळ

सहा दिवस? गोल्डन चौकडीला ट्रॅफिकमध्ये अडकला असेल.

दांडियाबाजारकरीण

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. भावाला वाचून दाखवलं. आता तो पिशवी स्वतःच्या खोलीत ठेवू म्हणतोय.

पण एक कळत नाही. सगळे "तांबडा अकीक, तांबडे मणी" म्हणताय. माझे दगड तर मातकट पिवळे आहेत. तांबडा एकही नाही. आजोबांना कोणी फसवलं का?

खंभातची_सून

फसवलं नाही ताई. अकीक खाणीतून तांबडा निघतच नाही म्हटलं तरी चालेल. तांबडा करावा लागतो.

माझं सासर खंभातचं, घर अकीकिया (अकीक घडवणाऱ्या) लोकांच्या मोहल्ल्याला लागून. माहेर बडोद्याचं, मराठी. लग्न झाल्यावर पहिल्या दिवशी पहाटे टिक-टिक-टिक ऐकून वाटलं कोणी दार वाजवतंय. शेजारी मणी घडवत होते. जमिनीत लोखंडी अणकुचीदार सळई तिरकी रोवलेली असते. कारागीर दगड तिच्या टोकाला टेकवतो आणि उलट्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने हलकेच टोला देतो. टवका उडतो तो सळईच्या बाजूने. सगळा हिशोब मनगटात. भोकाला धनुकलीचं गिरमिट, टोकाला हिऱ्याच्या दोन कणी. आता विजेची यंत्रं आली.

रंगाचं असं की दगडात लोह असतं. हळूहळू तापवलं की ते गंजासारखं तांबडं होतं. आधी महिनोन् महिने ऊन द्यायचं. मग मडक्यात घालून शेणाच्या मंद आगीत. घाई केली की दगड तडकतो.

पण इथे सगळे वाहवा करताय म्हणून दुसरंही सांगते. घासायच्या चाकावरून जी धूळ उडते ती पीठासारखी बारीक असते, आणि ती सिलिका. फुप्फुसात गेली की परत येत नाही. सिलिकोसिस. त्याला औषध नाही. आमच्या शेजारचा मुलगा तीस-बत्तिशीत जिना चढू शकत नव्हता. वर्षभर क्षयाची औषधं घेतली, कारण लक्षणं तशीच. काम घरातच चालतं, त्यामुळे बायका, लहान मुलं, न घासणारेसुद्धा तीच धूळ खातात. उरच्या राणीच्या गळ्यातला मणी बघून मला आधी ती धूळ आठवते. माफ करा, मूड घालवला.

इतिहासाचा_तास

मूड घालवायलाच हवा होता. मी चोवीस तासांचं भोक कौतुकाने लिहिलं, ते काम कोणाच्या तरी छातीने केलंय हे सुचलं नाही. प्रतिसाद तसाच ठेवतो, तुमचा त्याखाली असणं बरं.

मांजलपूरचा_बंड्या

पण मग अकीक विकत घ्यायचाच नाही का? नाही घेतला तर त्यांचं पोट?

खंभातची_सून

घ्या की. पाण्याची धार सोडून घासलं, धूळ ओढणारा पंखा बसवला तर फरक पडतो. पण पाच रुपयांच्या मण्यात पंख्याचे पैसे कोण देणार? गिऱ्हाईक घासाघीस करतं तेव्हा ती नेमकी तिथूनच कापली जाते.

तळोद्याचा_पावरा

खंभातच्या ताईंनी घासणाऱ्यांचं लिहिलं. खणणाऱ्यांचंही कोणी लिहा. त्या खाणीत उतरणारे बहुतेक भिल्लच.

अंकलेश्वरचा_अपडाउनवाला

बरोबर. जुन्या पद्धतीची खाण म्हणजे विहिरीसारखा अरुंद खड्डा, जेमतेम माणूस उतरेल एवढा. साधारण तीस फूट खाली अकिकाचा थर लागला की तिथून आडवी भुयारं. उतरायला भिंतीत खोबण्या. पावसाळ्यात पाणी भरतं, म्हणून काम फक्त कोरड्या दिवसांत, म्हणजे शेती नसते तेव्हा. वर आणलेल्या प्रत्येक गोट्याचा एक टवका उडवून आत बघायचं, चांगला असेल तर ठेवायचा. धागाकर्तीकडे जो एक फुटका आहे, तो असाच तपासलेला असणार.

माझ्या काळात अशा बुजलेल्या खड्ड्यांमधून बकऱ्या चरायच्या. वाट सोडून चालायचं नाही असं तिथला माणूस पहिलं सांगतो.

नर्मदेहर

सगळं छान, पण "राजपिपळ्याच्या खाणी" म्हणताना आंबाडुंगर कोणी काढला नाही? छोटा उदेपूरकडे, नर्मदेच्या उत्तर अंगाला. परिक्रमेत त्या भागातून गेलो होतो. कडीपाणीला फ्लोरस्पारचा (फ्लोरिन असलेल्या खनिजाचा) कारखाना तेव्हा पाहिला.

खडकखुळा

आंबाडुंगर वेगळ्या रांगेत धरतात, पण काढलात ते उत्तम! तिथला खडक ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही: कार्बोनेटाइट, म्हणजे ज्वालामुखीतून आलेला चुनखडीसारखा खडक. 1963 मध्ये त्याची ओळख पटली. डोंगर वरून पाहिला तर गोल कड्यासारखा. फ्लोरस्पार तिथलाच, आणि आता दुर्मीळ मृदा धातूंसाठी सगळ्यांचे डोळे लागलेत. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

दांडियाबाजारकरीण

कबुलीजबाब. ताईंनी "घाई केली की तडकतो" लिहिलं होतं ते मी नंतर वाचलं. परवा एक दगड चिमट्यात धरून सरळ गॅसवर धरला. मिनिटभरात फटाका फुटल्यासारखा आवाज, कपची ओट्याच्या टाइलवर, टाइलला टवका. डोळा वाचला. सासूबाई म्हणाल्या, "आता चकल्यांचा सोऱ्याही फोड."

खडकखुळा

अहो!! दगडात पाण्याचा अंश असतो, एकदम वाफ झाली की फुटणारच. पुन्हा गॅसवर नको. करायचंच तर गच्चीवर ऊन द्या, आणि मग रतनपोरची जुनी रीत: दगड मडक्यात, मडकं उपडं, भोवती लेंड्या-शेणाची आग, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. सकाळी गार झाल्यावरच हात लावायचा. मडक्यावर ओणवं व्हायचं नाही.

शेवउसळ

होळी महिन्यावर आलीय. गोवऱ्या फुकट. फक्त सुचवतोय.

दांडियाबाजारकरीण

(सव्वा महिन्याने) धागा वर काढतेय.

पंचवीस दिवस गच्चीवर ऊन दिलं. होळीच्या रात्री दर्शन झालं, नारळ झाला, सगळे घरी गेले. मग निखाऱ्याच्या कडेला राखेत मडकं उपडं घालून ठेवलं. आत सात दगड. सोसायटीच्या वॉचमनला वाटलं मी काहीतरी करणी करतेय, त्याला वीस मिनिटं भूशास्त्र सांगावं लागलं. पहाटे भाऊ आधी जाऊन बसला होता!

सातांपैकी एक दुभंगला. दोन जसेच्या तसे, फक्त काळवंडले. एक तपकिरी. तीन मात्र, उन्हात धरल्यावर, डाळिंबाच्या दाण्यासारखे. फोटो डकवलाय. माझा हात थरथरत होता म्हणून धूसर आहे.

खडकखुळा

सातात तीन म्हणजे झकास. बाकीच्यांत लोह कमी असणार, किंवा ते राखेच्या गार बाजूला राहिले.

खंभातची_सून

सुंदर आलाय रंग. एकच विनंती, घरी घासायला बसू नका. पॉलिश करायचे असतील तर मला सांगा, ओल्यावर काम करणारा एक जण आहे, त्याच्याकडे देऊ. मागेल तेवढे द्यायचे.

दांडियाबाजारकरीण

कबूल, मागतील तेवढे. दोनच देते. तिसरा तसाच ठेवणार, आजोबांच्या अक्षराच्या पिशवीत.

आणि येत्या रविवारी रतनपोरला जातोय, भाऊ, मी आणि सासूबाई (त्यांना ती राक्षसिणीला आवरणारी बहीण बघायचीय). सकाळी सहाला निघू. गाडीत दोन जागा आहेत. अपडाउनवाले काका, वाट दाखवायला येता का?

अंकलेश्वरचा_अपडाउनवाला

येतो. बूट घाला, चपला नकोत. आणि जुना शर्ट.

शेवउसळ

उरलेली एक जागा चुलत भावाची.